काजूच्या चोथ्याच्या कुंड्या: मोठं मशीन घेण्याआधी टीआरएल (तंत्रज्ञान किती तयार आहे त्याची पायरी) काढून घेतली त्याचा अनुभव

मशीनचं कोटेशन कोइंबतूरहून आलं तेव्हा 2023 चा सप्टेंबर चालू होता, चवथ (गणेश चतुर्थी) आठ दिवसांवर. नऊ लाख चाळीस हजार, वर अठरा टक्के जीएसटी, गाडीभाडं वेगळं. सुपारीच्या विरीच्या पत्रावळी दाबतात तसलंच हॉट प्रेस, फक्त साचा कुंडीचा. दोडामार्गच्या एका नर्सरीवाल्या भाऊंनी आमच्या कुंड्या एका प्रदर्शनात बघितल्या होत्या आणि विचारलं होतं, "महिन्याला पाच हजार देशात काय?" आणि त्या एका प्रश्नावर आम्ही सगळ्याजणी हवेत.

आम्ही म्हणजे मी, माझी मोठी जाऊ आणि बचत गटातल्या बायका, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या. मार्च ते मे काजूचा मोसम, बोंडू (काजूचं फळ) तुडवून रस काढतात, मग उरलेल्याची नुडी (गठ्ठा) बांधून वर दगड ठेवून नीरो, म्हणजे पाझरणारा रस, काढतात, आणि त्यानंतर जो चोथा राहतो त्यातला थोडा गुरांना, थोडा खतात, बाकी भाटीच्या (फेणीच्या भट्टीच्या) मागे ढीग लागून आंबत पडतो. (फेणीला 2009 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, चोथ्याला मात्र माश्यांशिवाय कोणी विचारत नाही.) तो आम्ही वाळवतो, मिरची कांडपाच्या गिरणीत भरडतो, त्यात काथ्याचा भुसा आणि चिंचोक्याची खळ घालून साच्यात दाबतो. रोप कुंडीसकट जमिनीत लावायचं, काळी प्लॅस्टिकची पिशवी फाडून फेकायचा प्रश्नच नाही. कल्पना सगळ्यांना आवडते, आवडायला पैसे पडत नाहीत.

पीएमईजीपीत (प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात) जायचं ठरवलं कारण ग्रामीण भागातल्या बायकांना त्यात तेव्हा पस्तीस टक्के सबसिडी होती आणि स्वतःचे पाचच टक्के घालावे लागायचे, बाकी बँकेचं कर्ज. ऑक्टोबरात प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन बँकेत गेले. मॅनेजर भले होते, त्यांनी सगळं वाचलं आणि एकच विचारलं, "मॅडम, ही टेक्नॉलॉजी प्रूव्ह झालेली आहे का? कुठे लिहून मिळेल?" मी फोटो दाखवले. ते म्हणाले, फोटो छान आहेत, पण कर्ज तुम्ही पाच वर्षं फेडणार, फोटो नव्हे. राग आला त्यांचा. पण घरी येताना कदंबाच्या बसमध्ये तोच प्रश्न डोक्यात फिरत राहिला, कारण खरंच, कुंडी चांगली आहे हे आम्हाला माहीत होतं पण कितपत चांगली, कशासाठी, किती दिवस, हे कोणी विचारलं तर सांगायला आमच्याकडे कागद नव्हता.

भाच्याने एका इन्क्युबेशन सेंटरचं (नव्या उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्राचं) नाव सुचवलं. ऑनलाइन फॉर्म, सगळा इंग्रजीत, त्यात एक रकाना होता "करंट टीआरएल" आणि समोर 1 ते 9 चा ड्रॉपडाउन. भाचा म्हणाला मावशी आठ टाक, विकतेस ना तू. मी रिकामा सोडला तर फॉर्म पुढे जाईना, शेवटी पाच टाकला, मधला म्हणून. नोव्हेंबरच्या सुरुवातीला फॉर्म गेला, उत्तर यायला महिना लागला. तेवढ्यात दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "प्रोसेसमध्ये आहे". कोणाला असा फॉर्म भरायचा असेल तर ॲप्लिकेशन नंबर लिहून ठेवा आणि फोनपेक्षा मेल करा, मेलला निदान तारीख असते.

डिसेंबरात पहिली मीटिंग झाली. ज्या मॅडम भेटल्या त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान, मला ताई म्हणायच्या, आणि मराठीत बोलल्या त्यामुळे अर्धी भीती तिथेच गेली. त्यांनी टीआरएल समजावली ती अशी: ही मोजपट्टी मूळ नासाची, 1974 मध्ये सात पायऱ्यांची केलेली, नव्वदच्या दशकात ती नऊ पायऱ्यांची झाली, आणि 2014 पासून युरोपियन युनियनने आपल्या संशोधन निधीसाठी वापरायला घेतल्यावर ती सगळीकडे पसरली. एक म्हणजे नुसतं तत्त्व माहीत आहे, तीन म्हणजे छोट्या प्रयोगात चालतं हे दाखवलं, चार म्हणजे प्रयोगशाळेत सिद्ध, पाच आणि सहा म्हणजे जिथे वापरणार तसल्या परिस्थितीत, सात म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या जागी नमुना चालवला, आठ म्हणजे पूर्ण तयार आणि तपासलेलं, नऊ म्हणजे रोजच्या वापरात टिकलेलं. मी म्हटलं आम्ही तर विकतो, मग नऊच की. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ताई, विकलं जाणं वेगळं. घेणाऱ्याने तीन महिन्यांनी काय बघितलं ते तुम्हाला कळलं का?"

नव्हतं कळलं. प्रदर्शनात घेऊन गेलेल्या लोकांचे नंबर कोण घेतो.

मग त्यांनी जे करायला लावलं ते मला या सगळ्यात सगळ्यात कामाचं वाटतं. कुंडीला एक नंबर द्यायचाच नाही म्हणाल्या, आधी तिचे तुकडे पाडा. चोथा मिळणं आणि टिकवणं, वाळवणं, भरडणं आणि खळ, साच्यात दाबणं, नर्सरीत पाणी खाऊन उभी राहणं, जमिनीत कुजणं. प्रत्येकाला वेगळा नंबर, आणि नंबरासमोर पुरावा. पुरावा म्हणजे तारीख असलेलं काहीतरी, वहीची नोंद, बिल, लॅबचा रिपोर्ट, तारखेसकट फोटो. "आम्हाला माहीत आहे" हा पुरावा नाही. आणि शेवटी पूर्ण वस्तूची पायरी तीच जी सगळ्यात मागे राहिलेल्या तुकड्याची. शिवाय हे दोघींनी वेगवेगळं भरायचं, एकमेकींचं न बघता.

तर जानेवारीत एका संध्याकाळी मी आणि वहिनी (म्हणजे मोठी जाऊ) दोन खोल्यांत बसून ते तक्ते भरले. मी वाळवण्याला सहा दिलेले, वहिनीने दोन. मी म्हटलं वहिनी दोन काय, वाळवतो ना आपण. ती म्हणाली, "उन्हात पसरतो आणि देवाचं नाव घेतो, त्याला टेक्नॉलॉजी म्हणतेस?" आमच्या सगळ्या पिशव्यांत मेच्या पावसाने पांढरी बुरशी धरली होती ते तिला आठवत होतं कारण निवडायला तीच बसली होती. असा फरक पडला की दोन्हीच्या मधला आकडा काढू नका, बसून भांडा, खरं काय ते त्या भांडणात कळतं.

लॅबचं प्रकरण मात्र डोक्याला ताप. आम्हाला लेबलवर "कंपोस्टेबल" लिहायचं होतं. त्याची चाचणी आयएस/आयएसओ 17088 प्रमाणे होते, प्लॅस्टिकसाठी केलेलं स्टँडर्ड आहे ते, त्यात सहा महिन्यांच्या आत नव्वद टक्के कार्बनचं विघटन व्हायला लागतं, आणि बारा आठवड्यांनी कंपोस्ट दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळल्यावर वर दहा टक्क्यांहून जास्त तुकडे राहता कामा नयेत. पूर्ण टेस्टचं कोटेशन लाखाच्या वर गेलं. मॅडमनी विचारलं, हे सर्टिफिकेट कोणाला दाखवायचंय? तुमच्यात प्लॅस्टिक नाहीच, भाऊंना हवंय का? भाऊंना नको होतं. शिवाय ती टेस्ट साधारण 58 अंशाला चालते, मोठ्या कंपोस्ट प्लांटमध्ये असतं तेवढं तापमान, आपल्या जांभ्या मातीत तेवढी उष्णता कुठून येणार. म्हणजे लाख रुपये घालून जो कागद मिळेल तो आमच्या मातीबद्दल फार काही सांगणारच नाही. मग फक्त चाळणीची टेस्ट एका बाहेरच्या, एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये करून घेतली, साधारण तेहतीस हजार जीएसटीसकट, आणि बाकी आम्ही कुंड्या आमच्याच कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत) पुरल्या, प्रत्येकीवर बांबूची काठी आणि काठीवर तारीख, दर महिन्याला एक उकरून काढायची. त्या लॅबने सांगितलेल्या तारखेनंतर दीड महिन्याने रिपोर्ट दिला आणि त्यात सॅम्पलचं नाव "कोकोनट पॉट" लिहिलेलं. काजू शब्दच नाही. दुरुस्त करून घ्यायला परत पंधरा दिवस. सॅम्पल पाठवताना फॉर्मवरचं वर्णन टाइप करून द्या आणि पैसे भरण्याआधी त्यांच्याकडून तेच वर्णन मेलवर उलट मागवा, नाहीतर तो रिपोर्ट तुमचा आहे हे सिद्ध करत बसाल.

काथ्याच्या भुश्याचा ईसी आणि पीएच सरकारी माती तपासणी केंद्रात करून घेतला, ते स्वस्तात झालं. ईसी जास्त आला, म्हणजे क्षार. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली की असं होतं म्हणे. उपाय एवढाच की भुसा गोड्या पाण्यात भिजवून निथळायचा, पाणी बदलून परत. काम वाढलं, पाणी वाढलं, तेही वहीत आलं.

मार्च उजाडला तसा चोथ्याचा खेळ सुरू. आदल्या वर्षी भाटीवाले म्हणायचे घेऊन जा बाय, आमची घाण जाईल. यंदा आम्ही नियमित यायला लागलो तर तिसऱ्याच आठवड्यात एकाने भाव सांगितला. चूक नाही त्याची. पण प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कच्चा माल शून्य रुपये लिहिलेला होता, तो खोडला. दुसरं म्हणजे वेळ. बोंडवात साखर असते, चोथा दुसऱ्या दिवशी आंबट वास मारायला लागतो, तिसऱ्या दिवशी हात घालवत नाही. म्हणजे सकाळी उचलला की त्याच दिवशी पसरायला हवा. आमच्या वजनात दहा किलो ओला चोथा वाळून सव्वादोन किलोच्या आसपास यायचा, बाकी सगळं पाणी, ते उन्हाने ओढायचं. आणि गच्चीवर तेव्हाच भिरंडाची (कोकमाची) सोलं वाळत घातलेली, सासूबाई म्हणाल्या आधी माझी सोलं. मेच्या मध्याला वळवाचे शिंतोडे सुरू झाले की संपलं.

इथे मॅडमनी एक हिशोब करायला लावला तो टोचला थोडा. सस्टेनेबल म्हणताय तर कशापेक्षा? एक प्लॅस्टिक पिशवी काही ग्रॅमची, तुमची कुंडी नव्वद ग्रॅमची, टेम्पोत पिशव्यांचा गठ्ठा मांडीवर मावतो, कुंड्यांना अख्खा हौदा लागतो. मग पावसात लाकडं जाळून चोथा वाळवलात तर काय उरलं? पूर्ण लाइफ सायकल असेसमेंट आयएसओ 14040 आणि 14044 प्रमाणे करतात, ते आमच्या आवाक्याबाहेर, पण त्यातली मूळ रीत आम्ही कागदावर केली: तुलना एका कुंडीची एका पिशवीशी नाही, तर जगून लावलेल्या हजार रोपांची हजार रोपांशी. जी रोपं मेली त्यांच्या कुंड्याही त्यात मोजायच्या. असं धरलं की लाकडावर वाळवणं बादच झालं, सोलर ड्रायर नाहीतर काही नाही. एक छोटा पॉलिहाउस ड्रायर भाड्याने मिळाला एप्रिलमध्ये, महिना चार हजार, आतलं तापमान आणि चोथ्याचं वजन रोज तीनदा वहीत. तेवढ्याने वाळवण्याची पायरी दोनवरून चारवर आली. छोट्या प्रमाणात, नियंत्रणात, कागदावर सिद्ध. महिन्याला पाच हजार कुंड्यांचा चोथा वाळवून बघितलेला नाही, म्हणून चारच.

जूनमध्ये खरी परीक्षा. लॅबच्या रॅकवर उभी कुंडी आणि दोडामार्गच्या शेडनेटखाली जूनचा पाऊस झेलणारी कुंडी यात फरक किती ते तिथे कळलं. भाऊंकडे दोन प्रकारची रोपं लावली, मिरची आणि काजूची कलमं, शेजारी तेवढीच प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. शेजारी तुलना ठेवलीच पाहिजे, नाहीतर रोप कुंडीमुळे पिवळं पडलं की पावसामुळे ते कोणी सांगू शकत नाही. आणि पिवळी पडलीच. तिसऱ्या आठवड्यात आमच्या कुंड्यांतल्या मिरचीची खालची पानं फिकट, पिशव्यांतली हिरवीगार. भाऊंनी फोन केला, "वहिनी, रोपां उपाशी आसत तुमची." कारण नंतर कळलं: चोथा आणि काथ्या कुजताना जंतू आपल्यासाठी नत्र मातीतूनच ओढतात, रोपाला कमी पडतं. शेंगदाण्याची पेंड मिश्रणात घातली, पुढच्या फेरीत पानं सुधारली. मिरची पाचेक आठवड्यांत लावणीला येते, तोवर कुंडी धड होती, बोटाने दाबली तर थोडी दबायची पण फुटायची नाही, आणि कडेतून पांढरी मुळं बाहेर आलेली दिसायची. मला ते बघून फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काजूचं वेगळं. आधी बी रुजवायची, खुंट दीड-दोन महिन्यांचा झाला की कलम बांधायचं, मग ते विकण्याजोगं व्हायला आणखी काही महिने. वेंगुर्ला-4 जातीचं कलम लोक गाडीत घालून चाळीस-पन्नास किलोमीटर नेतात. आमची कुंडी तिसऱ्या महिन्यात बुडाकडून मऊ पडली, उचलली की बूड खाली आणि रोप हातात. भाऊ काही बोलले नाहीत, शांतपणे सगळी कलमं पिशव्यांत बदलली, त्यांच्या मजुरीचे पैसे मी आग्रहाने दिले. कुळागरात पुरलेल्या कुंड्याही तेच सांगत होत्या, पावसात दुसऱ्या महिन्यापासून भसाभस कुजत होत्या. मिरचीला जो गुण तोच काजूला दोष.

2024 ची चवथ झाल्यावर टीआरएलची फाइल लावायला घेतली. पंधरा दिवस गेले. जे मागितलं त्यात वहीच्या पानांच्या सही-तारखेच्या झेरॉक्स, लॅब रिपोर्ट, भाऊंचं त्यांच्या लेटरहेडवर पत्र (ते लिहून घ्यायला लवकर लागा, नर्सरीवाल्यांना पावसात श्वास घ्यायला वेळ नसतो), उद्यम रजिस्ट्रेशन जे फुकट होतं आणि त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका, पंचायतीचा दाखला, आणि प्रत्येक तुकड्याचा तक्ता. ऑक्टोबरात तिघांचं पॅनल बसलं. मला वाटलं होतं इंग्रजीत झोडपतील. त्यांनी वहीच जास्त वेळ बघितली. एका सरांनी विचारलं, "या दिवशी वजन का नाही लिहिलं?" मी सांगितलं त्या दिवशी लाइट नव्हती, काटा इलेक्ट्रॉनिक. ते म्हणाले तेही लिहायचं. दुसऱ्यांनी टेबलावर कुंड्या एका रांगेत ठेवून प्रत्येकीची कड व्हर्नियरने मोजली, जाडी सारखी नव्हती, हाताने दाबलेल्या त्या. ते म्हणाले, वस्तू चालते का ते टीआरएल सांगते, हजारो एकसारख्या काढता येतील का ते नाही सांगत, त्यासाठी अमेरिकेच्या संरक्षण खात्याची वेगळी दहा पायऱ्यांची मोजपट्टी आहे, मॅन्युफॅक्चरिंग रेडिनेसची, तिच्यावर तुम्ही अजून खालीच आहात.

चार पानी रिपोर्ट आला दिवाळीनंतर. मिरची-भाजीच्या रोपांसाठी कुंडी सहा. सात का नाही, तर एकाच नर्सरीत, एकाच पावसात बघितलंय. काजूच्या कलमांसाठी चार. वाळवणं चार. एकूण चार. वहिनी म्हणाली बघ, मी तुला म्हटलं होतं. मला मात्र दोन दिवस वाईट वाटलं, मग तिसऱ्या दिवशी तो रिपोर्ट घेऊन बँकेत गेले. मॅनेजरांनी वाचला आणि म्हणाले हे ठीक आहे, म्हणजे आता नऊ लाख नकोत तुम्हाला. तेच लिहिलं होतं रिपोर्टमध्येही, मोठा प्रेस आत्ता घेतला तर वर्षातले आठ-नऊ महिने त्याला घालायला वाळलेला चोथा नसेल.

पैशांचा रस्ताही या आकड्यामुळेच बदलला. स्टार्टअप इंडिया सीड फंडमध्ये तेव्हा प्रोटोटाइप आणि चाचण्यांसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान होतं, बाजारात उतरवण्यासाठीचे पन्नास लाखांपर्यंतचे वेगळे, आणि ते कर्ज किंवा डिबेंचरच्या रूपात. चारवर असलेल्याने पहिल्या दारात उभं राहायचं. पण त्याला डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग खात्याची) मान्यता लागायची, ती तेव्हा बचत गटाला किंवा एकट्याच्या प्रोप्रायटरशिपला मिळत नव्हती, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), रजिस्टर्ड पार्टनरशिप किंवा प्रायव्हेट लिमिटेड लागायची, आणि अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नव्हती. म्हणून कोणी उत्साहात आधीच कंपनी काढत असेल तर जरा थांबा, चाचण्यांची वही आधी भरा, ती दोन वर्षं रिकामी जाऊ देऊ नका. आमची एलएलपी डिसेंबरात झाली, सीएची फी धरून बारा हजारांच्या आसपास.

सध्या मिरची, वांगी, टोमॅटोच्या रोपांपुरत्याच कुंड्या करतो, हाताच्या प्रेसवर, आणि भाऊंना सांगून टाकलंय की काजूच्या कलमांसाठी आमच्याकडे अजून वस्तू नाही. ते म्हणाले भाजीच्या कुंड्या द्या, पण जास्त नकोत. दुसरी नर्सरी फोंड्याच्या बाजूला बघितली आहे, सातव्या पायरीसाठी. येत्या मार्चसाठी दोन भाटीवाल्यांशी कागदावर ठरवलं: ओला चोथा दोन रुपये किलो, सकाळी दहाच्या आत आम्ही उचलायचा, नाही उचलला तर त्या दिवसाचे पैसे तरीही द्यायचे, आणि वजन त्यांच्या काट्यावर नाही, आमच्या.